विश्लेषण : पिवळा दिवा विझला, पण बिघाड गेला का?

पिकअपच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली, की बहुतेक ठिकाणी पहिला प्रयत्न दिवा विझवण्याचा होतो. बिघाड शोधण्याचे काम नंतरवर ढकलले जाते. त्याची किंमत हप्त्यावर गाडी चालवणारा चालक-मालक मोजतो. हे दिवे नेमके काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि ही माहिती चालकाच्या हाती का असायला हवी, याचा हा आढावा.

मिरकरवाडा बंदरातून बर्फात रचलेली मासळी घेऊन निघालेला एखादा पिकअप साखरपा ओलांडून आंबा घाटाला लागतो. दोन-तीन वळणे चढल्यावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. रेस पूर्ण दाबली तरी गाडी तिसऱ्या गिअरमध्येही दम धरत नाही. पहाटे कोल्हापूरच्या बाजारात पोहोचले नाही तर मालाचा भाव पडतो, भाडे कापले जाते, हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो. अशा वेळी घाटातला कुणी जाणकार बॅटरीची केबल काढून पुन्हा लावतो. दिवा विझतो, गाडी ओढू लागते आणि चालकाला वाटते, काम झाले. दोन दिवसांनी त्याच चढावर तोच दिवा पुन्हा लागतो. मालवाहू पिकअप चालवणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही.

दिव्यांचे रंग काय सांगतात?

साधा नियम असा, की लाल दिवा म्हणजे गाडी थांबवा, पिवळा म्हणजे लवकर तपासा आणि हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी यंत्रणा सुरू आहे एवढीच माहिती. तेलाच्या किटलीचा लाल दिवा धावत्या गाडीत लागला तर ऑइलचा दाब गेलेला असू शकतो. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्याचे इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते. तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. बॅटरीचा लाल दिवा म्हणजे बॅटरीच खराब असे नाही. अल्टरनेटर चार्जिंग करत नसेल किंवा त्याचा पट्टा तुटला असेल तरीही तो लागतो. काही इंजिनांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो, म्हणून आधी बॉनेट उघडून पट्टा पाहावा.

सर्वाधिक गोंधळ होतो तो इंजिनाच्या पिवळ्या दिव्याबाबत. हा दिवा मुळात चालकाच्या सोयीसाठी आलेला नाही. तो प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यातून आला. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही स्वनिदान यंत्रणा सक्तीची झाली. धुरावर परिणाम करणारा बिघाड झाला की त्याची नोंद ठेवायची आणि दिवा लावायचा, हे तिचे काम. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांमागे ५० वरून १० वर आली आणि लहान मालवाहू गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर नवी उपकरणे बसली. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा आला आणि प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी किती धूर सोडते यावरची देखरेख कडक झाली. सेन्सर वाढले, तशी दिवा लागण्याची कारणेही वाढली.

गाडी अचानक मंद का होते?

आजच्या डिझेल पिकअपमध्ये किती डिझेल सोडायचे, टर्बोने किती दाब द्यायचा, धुराचा किती भाग परत इंजिनात घ्यायचा, हे सर्व ईसीएम म्हणजे गाडीतला संगणक ठरवतो. सेन्सरकडून येणारे आकडे अपेक्षेबाहेर गेले की तो इंजिन वाचवण्यासाठी डिझेल आणि टर्बोचा दाब कमी करतो. याला ‘लिम्प मोड’ म्हणतात. गाडी रांगत का होईना, गॅरेजपर्यंत पोहोचावी एवढाच त्याचा हेतू असतो.

म्हणजे गाडी मंद होणे हा पुष्कळदा मूळ बिघाड नसतो, तर बिघाड पाहून संगणकाने घेतलेला निर्णय असतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली किंवा बॅटरीची केबल काढली, की हा संगणक बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून तपासणी सुरू करतो. तेवढ्या काळात गाडी पूर्ण ताकदीने चालते. केबलची युक्ती ‘लागू पडते’ ती याच कारणाने. पण फाटलेला पाइप फाटलेलाच राहतो. घाटात पुन्हा भार पडला, टर्बोला पूर्ण दाब द्यावा लागला, की आकडा पुन्हा चुकतो आणि दिवा पुन्हा लागतो.

कोड म्हणजे निदान नव्हे, ते का?

स्कॅनर लावल्यावर पाच अक्षर-अंकांचा कोड दिसतो. सुरुवातीचे ‘पी’ हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गटाचे. उदाहरणार्थ ‘पी ०२९९’ या कोडचा अर्थ, टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. ‘टर्बो खराब आहे’ असे हा कोड कुठेही म्हणत नाही. दाब कमी होण्याची कारणे अनेक असतात. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला चीर पडलेली असते, त्याची क्लिप सैल झालेली असते, एअर फिल्टर धुळीने चोंदलेला असतो, टर्बोला आदेश देणारी व्हॅक्यूमची बारीक नळी निसटलेली असते, दाब मोजणारा सेन्सर काजळीने माखलेला असतो. या सर्वांनंतर यादीत खुद्द टर्बो येतो.

क्लिप आवळायला पाच मिनिटे लागतात. टर्बो बदलायचा तर कित्येक भाड्यांची कमाई जाते. दोन्ही प्रसंगी स्कॅनरवर कोड मात्र एकच असतो. म्हणून कोड वाचून थेट पार्ट बदलणारा मेकॅनिक आणि कोड न वाचता अंदाजाने पार्ट बदलणारा मेकॅनिक यांत फार फरक नाही. दोघांच्या चुकीचे पैसे गाडीमालकच भरतो.

हीच गोष्ट ‘पी ००८७’ या कोडची. डिझेल रेलमधला दाब कमी आहे, एवढेच तो सांगतो. कारण चोंदलेला डिझेल फिल्टर असेल, फिल्टरमध्ये साचलेले पाणी असेल, हवा ओढणारी नळी असेल किंवा महागडा हाय-प्रेशर पंप असेल. शहाणपण स्वस्त आणि सोप्या कारणापासून सुरुवात करण्यात आहे. पावसाळ्यानंतर तर वायरिंगच्या कनेक्टरमध्ये ओल आणि गंज, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, सैल अर्थिंग हे आधी पाहावे. एकाच वेळी चार-पाच दिवे लागले, तर चार-पाच पार्ट एकदम खराब झाल्याची शक्यता कमी. कमी व्होल्टेज किंवा खराब अर्थिंग असण्याची शक्यता जास्त.

कोडसोबत संगणक आणखी एक मोलाची नोंद ठेवतो. बिघाड झाला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, भार आणि पाण्याचे तापमान किती होते, याचे ते टिपण असते. दिवा चढावर लागला की उभ्या गाडीत, थंड इंजिनात की तापलेल्या, हे त्यातून कळते. निदानाची अर्धी लढाई इथे जिंकता येते. पण कोड उडवला की हे टिपणही पुसले जाते. केबल काढणारा जाणकार गाडी चालू करून देतो, त्याच वेळी बरेचदा पुरावाही नष्ट करतो.

डीपीएफचा दिवा वेगळा कसा?

डीपीएफ ही डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरत जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर आतली काजळी जाळून टाकावी लागते. त्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. महामार्गावर भार घेऊन सलग धावणाऱ्या पिकअपमध्ये काजळीचा बराच भाग चालता चालताच जळतो. शहरात पाण्याचे जार, दूध किंवा किराणा पोहोचवत दर दोन किलोमीटरला इंजिन बंद करणाऱ्या पिकअपमध्ये ते तापमान गाठलेच जात नाही. मग संगणक जादा डिझेल सोडून जाळी तापवायला घेतो. इंजिनाचा फेरा किंचित वाढतो, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. नेमके त्याच वेळी चालक इंजिन बंद करून माल उतरवायला जातो आणि काम अर्धवट राहते.

हे वारंवार झाले की डीपीएफचा पिवळा दिवा लागतो. या टप्प्यावर उपाय बहुधा फुकटात असतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर साधारण १५ ते २० मिनिटे न थांबता गाडी चालवावी लागते. हा दिवा दुर्लक्षिला तर इंजिनाचा दिवाही लागतो, ताकद कमी केली जाते आणि स्कॅनर लावून सक्तीने काजळी जाळावी लागते. त्याही पुढे गेल्यास जाळी काढून साफ करणे किंवा बदलणे एवढेच हाती राहते. काजळी जळत असताना सायलेन्सरचा भाग अतिशय तापतो. अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा उसाच्या पाचटावर उभी करणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आणखी एक खूण चालकाला घरीच कळू शकते. जाळी तापवण्यासाठी सोडलेले जादा डिझेल अर्धवट प्रयत्नांत इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑइल पातळ झाले आहे आणि ते बदलायला हवे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

इथेही मूळ प्रश्न सुटत नाही. इंजेक्टर गळत असेल, टर्बो ऑइल खात असेल किंवा ईजीआर व्हॉल्व्ह अडकला असेल, तर काजळी नेहमीपेक्षा जास्त तयार होते. अशा गाडीत नवी जाळी बसवली तरी काही महिन्यांत तीही भरते.

युरियाचा मामला काय आहे?

काही बीएस-६ गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते. चालक त्याला सरळ ‘युरिया’ म्हणतात. हे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारमुक्त पाणी यांचे द्रावण असते. ते संपत आले की दिवा लागतो, तरी भरले नाही तर संगणक टप्प्याटप्प्याने ताकद कमी करतो. काही जण खर्च वाचवण्यासाठी शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून टाकतात. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचे आवरण असते, नळाच्या पाण्यात क्षार असतात. दोन्हींमुळे फवारणीची नळी आणि पुढचे उत्प्रेरक खराब होते. शिवाय शेतकऱ्यांसाठी अनुदानित असलेले खत दुसरीकडे वळवणे बेकायदा आहे.

दिवाच लागला नाही आणि तरीही गाडी ओढत नसेल तर?

संगणकाला सर्व काही दिसत नाही. क्लच घसरत असेल तर रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. दिवा लागत नाही. ब्रेक अडकून राहत असेल तर गाडी जड वाटते आणि थोड्या अंतरानंतर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले जाणवते. दिवा लागत नाही. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा दीड टन क्षमतेच्या हौद्यात अडीच टन माल असेल, तरी दिवा लागत नाही. सायलेन्सरमधून काळा धूर येतो का, रेस दिल्यावर फुसफुस किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का, ॲव्हरेज कधीपासून घटले, हे प्रश्न जुन्या जाणत्या मेकॅनिकला आपसूक सुचतात. स्कॅनरच्या काळात या कानांची आणि हातांची किंमत कमी झालेली नाही. दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात, अडचण तिथेच आहे.

डीपीएफ काढून टाकणे हा मार्ग आहे का?

‘जाळी काढून सॉफ्टवेअर बदलून देतो, पुन्हा कटकट नाही’ असा सल्ला अनेक चालकांच्या कानावर येतो. हप्ते थकलेल्या माणसाला तो मोहात पाडतो, हे समजण्यासारखे आहे. पण तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करते. प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि तीन महिन्यांसाठी परवानाही जाऊ शकतो. वॉरंटी जाते ती वेगळीच. आणि तो धूर शेवटी बाजार समितीतला हमाल, टपरीवाला आणि खुद्द चालकच श्वासात घेतो.

मात्र या मार्गाला लोक का जातात, याचे उत्तर केवळ दंडात शोधून चालणार नाही. बिघाडाचे खरे कारण वेळेत आणि परवडेल अशा पैशात कळत नाही, म्हणून ते दिवा लावणारी यंत्रणाच काढून टाकतात.

ही माहिती नेमकी कुणाच्या हातात आहे?

कोड सर्वांना वाचता येतो असे म्हणणे अर्धसत्य आहे. हजार रुपयांच्या आसपास मिळणारे साधे ब्लूटूथ स्कॅनर सर्वसामान्य कोड दाखवतात. कंपनीचे स्वतःचे कोड, सेन्सरचे प्रमाण आकडे, वायरिंगचे नकाशे आणि सक्तीने काजळी जाळण्याची आज्ञा हे सारे बहुतेक वेळा कंपनीच्या यंत्रात आणि अधिकृत सेवा केंद्रात बंद असते. साखरप्याच्या किंवा मलकापूरच्या गॅरेजवाल्याकडे कसब असते, माहिती नसते. अधिकृत केंद्र शहरात असते आणि तिथवर गाडी टो करून न्यायची तर भाड्याचा दिवस बुडतो.

हा प्रश्न भारतात पूर्वीच ओळखला गेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. पोर्टलही सुरू झाले. युरोपीय संघात २००७ च्या नियमावलीने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनीच तसा कायदा मंजूर केला.

कंपन्यांचा युक्तिवाद असा, की माहिती खुली केली तर सॉफ्टवेअरमध्ये छेडछाड होईल, प्रदूषण वाढेल, सुरक्षितता धोक्यात येईल. भीती खोटी नाही. पण वाचणे आणि बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड, आकडे आणि नकाशे वाचू द्यायचे आणि संगणकातील आज्ञावली बदलण्याला कुलूप ठेवायचे, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. उलट आज वाचनाचा दरवाजा बंद आहे आणि आज्ञावली बदलून देणारे मात्र रस्तोरस्ती भेटतात. म्हणजे कुलूप चुकीच्या दाराला लागले आहे.

काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट, निदानाची माहिती वाजवी दरात स्वतंत्र गॅरेजांना आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमांना मिळायला हवी. दुसरी, डीपीएफ आणि डीईएफच्या दिव्यांचा अर्थ सांगणारा एक पानी तक्ता गाडी देतानाच मराठीत द्यायला हवा. जाड इंग्रजी पुस्तिका डॅशच्या कप्प्यात प्लॅस्टिकसह पडून राहते. तिसरी, केंद्र अधिकृत असो वा स्वतंत्र, दुरुस्तीच्या बिलावर आधी सापडलेला कोड, त्यासोबतचे टिपण आणि पार्ट बदलण्यापूर्वी केलेल्या तपासण्या लिहिणे बंधनकारक हवे.

तोवर चालकाच्या हातात काही साध्या गोष्टी उरतात. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी सर्व दिवे क्षणभर लागायला हवेत आणि नंतर विझायला हवेत. जुना पिकअप घेताना इंजिनाचा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर कुणी तरी तो काढून किंवा झाकून ठेवला असण्याची शंका घ्यावी. दिवा लागला की लगेच मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो काढावा आणि चढ, वेग, भार लक्षात ठेवावा. केबल काढण्यापूर्वी कोड वाचून घ्यावा. आणि पार्ट बदलायला सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, ‘हाच पार्ट खराब आहे, हे कशावरून ठरवले?’

चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही. तो फाटलेला पाइप हातात धरून दाखवतो.